उघड्या डोळ्यांचा साक्षीदार

एका जंगलात (नकाशात शोधू नका पोरांनो, सापडायचं नाही) एक भिडस्त ससा राहत असे. कुणाला 'नाही' म्हणणं त्याला जमत नसे. एके दुपारी राजा वाघ भाषणाला उभा राहिला. तुमच्या शाळेत पाहुणे येऊन बोलतात ना, तसलंच लांबलचक! ते कधी संपणार, कुणालाच कळेना. आणि ते संपलंच नाही. मध्येच कुणीतरी मागून येऊन राजाच्या मानेवर घाव घातला आणि पसार झालं. राजा जागीच गेला.

संशय आला साळिंदरावर. पाणवठ्यावरून त्याचं राजाशी वाजलं होतं. कोल्हा वकील सशाकडे धावला. "ससेराव, तुमचे डोळे टक्क उघडे होते, मी स्वतः पाहिलंय!"

"होते खरे," ससा म्हणाला.

"मग मारेकरी दिसलाच असणार. अंगावर काटे होते ना?"

एवढा मोठा वकील, त्यात 'राव' म्हणतोय! सशाने होकारार्थी मान डोलावली. मग काय विचारता? हरणाला सांगताना काटे वीतभर होते, माकडाला सांगताना हातभर झाले, आणि रानडुकराला सांगेपर्यंत मारेकरी जाता जाता डोळाही मिचकावून गेला. गंमत म्हणजे, सशाला आता ते सगळं खरंच आठवू लागलं!

न्यायाला बसले कासवबुवा. सशाने 'हो' म्हटलं, की साळिंदराला कड्यावरून लोटायचं ठरलं. साळिंदर म्हणाला, "ससोबा, पाहिलं असशील तर बिनधास्त सांग, बाबा. फक्त तेव्हा राजा काय बोलत होता, तेवढं सांग."

सशाने तोंड उघडलं. आत काही सापडेना. साळिंदराकडे पाहून त्याला रडूच फुटलं. "मी झोपलो होतो हो! आम्ही ससे डोळे उघडे ठेवूनच झोपतो!"

"राजाच्या भाषणात झोप?" कोल्हा ओरडला. "हा राजद्रोह आहे!"

"बरं वकीलसाहेब," कासवबुवा म्हणाले, "मग तुम्ही सांगा, राजा काय बोलत होता?"

कोल्ह्याला खोकला आला. हरीण आपले खूर न्याहाळू लागलं. माकडाला एकाएकी उवा चावू लागल्या.

"माझंही डोकं तेव्हा आतच होतं," कासवबुवा पुटपुटले. "साळिंदराला सोडा. तपास पुन्हा पहिल्यापासून करा, आणि या खेपेला जागे राहा!"

साळिंदराने आनंदाच्या भरात सशाला घट्ट मिठी मारली. ससा असा काही किंचाळला, की विचारू नका. हे मात्र तिथल्या प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

तात्पर्य : डोळे उघडे होते म्हणून पाहिलं, असं होत नाही. जे पाहिलं नाही, ते 'पाहिलं नाही' म्हणावं. त्याने आपली थोडी फजिती होते, पण कुणाचा तरी जीव वाचतो.