झाकलेलं पातेलं

“पण बाबा, रस्सा शिजवला कोणी?”

हनोखने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा लेवीबाबा पाळकांनी मान वर केली.

“राहेलबाईनं. का रे?”

“नाही... सहज.”

सहज कुठलं! हनोख वरच्या आळीचा, राहेलबाई खालच्या आळीची. चर्च एकच, पण आळ्या दोन. दोन्ही आळ्यांच्या आज्या-पणज्यांनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतलेला. पण पाण्यात उतरताना त्यांनी जात काठावर काढून ठेवली, लुगड्यासारखी. बाहेर आल्यावर जिची तिने उचलली.

आजवर हंगामाच्या सणाला प्रीतिभोजन वरच्या आळीच्याच हातचं असायचं. यंदा बाबांनी पळी राहेलबाईच्या हाती दिली. आणि आजच, जेवण झाल्यावर, ते हनोखच्या डोक्यावर हात ठेवून त्याला उपदेशक नेमणार होते. वर्षभर त्यानं वचनं पाठ केली होती ती याच दिवसासाठी.

म्हाताऱ्यानं मुद्दाम आजचाच दिवस धरला, हनोखला वाटलं.

पंगत बसली. राहेलबाई वरच्या आळीच्या रांगेत पहिल्या ताटाशी वाढायला वाकली.

“नको बाई. पोटात तीळभर जागा नाही.”

पुढचा म्हणाला, “पित्त झालंय.”

त्याच्या पुढची म्हणाली, “माझा उपास हाय.”

“सणाला उपास?” खालच्या आळीचा दाविदतात्या समोरून ओरडला. “काय गं, तुमच्या आळीत साथ आली का पोट भरायची?”

कुणी हसलं नाही.

राहेलबाई हनोखपुढे आली. त्यानं ताटावर हात आडवा धरला.

“तुझं काय रे?” बाबांनी विचारलं.

“सकाळपासून प्रार्थनेत होतो, बाबा. भूकच नाही.”

बाबा उठले. त्याचा उजवा हात उचलून नाकाशी नेला.

“प्रार्थनेला लसणाचा वास येतो रे तुझ्या.”

हनोखचे कान तापले. आईनं दहालाच पिठलं-भाकरी वाढली होती. ‘तिथं नुसतं बसायचं’, म्हणाली होती. बाबांना कोणी सांगितलं? की सगळी आळी घरून जेवून आली, हे त्यांना आधीच ठाऊक होतं?

“राहेल, पातेलं झाक,” बाबा म्हणाले. “बसू आपण.”

“किती वेळ?” राहेलबाईनं विचारलं.

“भूक लागेस्तोवर.”

बसले. ऊन भिंतीवरून खाली आलं. रस्सा गार झाला. खालच्या आळीची माणसं सकाळपासून उपाशी होती. तीही बसली. त्यांचं एक लेकरू रडायला लागलं. राहेलबाईनं त्याला कोरडी भाकर दिली.

“बाबा, त्यांना तरी वाढा,” हनोख म्हणाला. “त्यांचा काय दोष?”

“काहीच नाही.”

“मग?”

बाबांनी पातेल्याचं झाकण नीट बसवलं.

हनोख समोरच्या रांगेकडे चोरून बघत होता. हसतायत का आपल्याला? दाविदतात्या डोळे मिटून बसला होता. झोपलाय की सोंग?

“आणि माझ्यावर हात ठेवायचं?” त्यानं हळूच विचारलं.

“जेवणानंतर.”

“जेवण झालंच नाही तर?”

“नाही तर नाही.”

दिवस कलला. आणि हनोखचं पोट बोललं. चांगलं मोठ्यानं बोललं, पार टोकापर्यंत ऐकू गेलं. दाविदतात्यानं एक डोळा उघडला.

हनोखनं शेजारी पाहिलं. त्याची आई मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती.

त्यानं ताट पुढे केलं.

“राहेलमावशी... वाढा.”

जन्मात पहिल्यांदा तो तिला मावशी म्हणाला. राहेलबाईनं झाकण काढलं, पळी भरली, आणि ताटावर आणून तशीच धरून ठेवली. त्याच्या तोंडाकडे निरखून बघत राहिली. बाजारात खोटं नाणं बघावं तशी.

“बाबा,” ती म्हणाली, “ह्याला भूक लागलीया, का डोक्यावर हात ठेवून घ्यायचाय?”

दोन्ही रांगांनी माना वळवल्या.

हनोखनं तोंड उघडलं. खरं काय ते त्यालाही सांगता येईना.

बाबांनी आपलं ताट पुढे ओढलं.

“वाढ, राहेल. त्यालाही, मलाही. आणि पंगत संपेस्तोवर पळी खाली ठेवू नकोस.”