वर निरोप, आत दर

नदीकाठच्या एका बाजारगावात रेवणसिद्ध नावाचा एक मसालेवाला राहत असे. त्याचे मसाल्याचे कांडप होते. घराघरांतून मिरच्या, धणे, दगडफूल त्याच्याकडे येत, आणि प्रत्येक घरचा मसाला त्या त्या घरच्या प्रमाणाने कांडून दिला जाई. कांडप चालू असले की बाया पायरीवर बसून गप्पा मारत. पोरे आयांच्या पदरात नाक खुपसून शिंकत. यंत्राच्या वर आवाज चढवून बोलण्याची सगळ्यांना सवय होती, आणि रेवणसिद्धला त्या गलक्याची.

मग पोरे मोठी झाली आणि बाहेरगावी गेली. कुणी पुण्याला, कुणी मस्कतला, कुणी समुद्रापलीकडे. पायरी ओस पडली. मसाला पाकिटांतून जाऊ लागला आणि गिऱ्हाइके ईमेलच्या यादीतली नावे होऊन राहिली. रेवणसिद्धला मात्र यादीतले प्रत्येक नाव त्याच्या आवाजासकट आठवे.

दर हंगामाला तो या सगळ्यांना एक ईमेल पाठवी. विषयाच्या ओळीत दरवेळी एकच लिही, ‘मसाल्याचे दरपत्रक’. कुणी ईमेल उघडला की संगणकावर त्या नावापुढे हिरवी खूण उमटे. दुकान झाडून झाले की रेवणसिद्ध त्या खुणा बघत बसे. त्या फार थोड्या असत.

“त्या यादीकडे बघून कुणी पायरी चढणार आहे का?” त्याची बायको महादेवी म्हणे.

चढणार नव्हते, हे त्याला ठाऊक होते. पण या माणसांनी एकदा तरी आपल्या दाराकडे वळून बघावे, एवढी एकच इच्छा त्याला लागून राहिली होती.

एकदा जावई शिवप्रसाद मुक्कामाला आला. शहरात तो जाहिरातीच्या कचेरीत होता. सासऱ्याची विषयाची ओळ पाहून त्याला हसू आवरेना.

“मामा, ही ओळ म्हणजे दुकानाचं दार. तुम्ही दारावर कुलूप लावलंय आणि आत बसून गिऱ्हाइकाची वाट बघताय.”

“मग काय लिहू, जावईबापू?”

“माणसाला राहवलं नाही पाहिजे, असं काहीतरी. आत काय आहे ते नंतर बघू.”

जावयाचा शब्द मोडायचा कसा? रेवणसिद्धने लिहिले, ‘थोडाच मसाला उरला आहे’. मागे पोती छताला टेकली होती. खुणा वाढल्या. पुढच्या वेळी लिहिले, ‘आज नाही तर कधीच नाही’. खुणा आणखी वाढल्या, मग घसरल्या. तेव्हा जावयाने फोनवरून नवी ओळ सांगितली, ‘तुमच्यासाठी घरून निरोप आला आहे’.

“कुणाच्या घरून?” रेवणसिद्धने विचारले.

“ज्याच्या त्याच्या. परगावी राहणाऱ्याला एवढं पुरतं, मामा.”

रेवणसिद्धचे बोट क्षणभर थांबले. मग त्याने ईमेल पाठवला.

जवळजवळ सगळी यादी हिरवी झाली. कांडप दुपारपासून चालू झाले ते दिवे लागेपर्यंत. महादेवीने पाकिटे भरता भरता मान वर करून पाहिले, तर नवरा गुणगुणत होता.

दुसऱ्या दिवशी एक उत्तर आले. ते सुलक्षणाचे होते, गल्लीतल्या विरूपाक्षआप्पा घड्याळजींच्या मुलीचे. आई गेल्यावर वडिलांना आपल्याकडे परदेशी न्यायला ती आली होती. आप्पा दुकान सोडायला तयार नव्हते. “तुम्हाला ही बंद घड्याळं माझ्यापेक्षा जवळची,” ती म्हणाली. “मग जा, आणि मागं वळून बघू नको,” आप्पा म्हणाले. तेव्हापासून तिने फोन केला नव्हता आणि त्यांनीही केला नव्हता. दोघांतले कोण जास्त हट्टी, यावर गल्लीत कधी एकमत झाले नाही.

तिने लिहिले होते, “रेवणकाका, निरोप कुणी दिला? आप्पांनी का? तुमचा ईमेल मी शेवटपर्यंत वाचला, परत वरून वाचला. खाली फक्त दर दिसतात. निरोप घालायचा राहून गेला असेल तर पाठवा. मी थांबते.”

‘मी थांबते’ हे शब्द रेवणसिद्धने दोनदा वाचले.

त्याने जावयाला फोन लावला. जावई खूश झाला. “बघा, गिऱ्हाईक बोलायला लागलं. आता तिला सवलत द्या.”

महादेवीने ते ऐकले. “सवलत मागितलीय का तिनं?” एवढेच बोलून ती आत गेली.

रेवणसिद्धने लिहायला घेतले, “आप्पा तुझी फार आठवण काढतात.” काढतही असतील. आप्पांना कोण विचारायला जाणार होते? पोरीचा जीव शांत झाला असता आणि मसाल्यावरही डाग आला नसता. पण आप्पांच्या तोंडून तसे काही त्याने ऐकले नव्हते. एक खोटे झाकायला दुसरे पाठवायचे, आणि तेही थांबून राहिलेल्या माणसाला. त्याने ते वाक्य पुसले, चपला घातल्या आणि आप्पांचे घर गाठले.

आप्पांच्या घराचे दार उंबऱ्याला घासत असे. रेवणसिद्धने ते ढकलले तेव्हा सगळ्या गल्लीला कळले. डोळ्याला भिंग लावून आप्पा एका घड्याळात वाकले होते. रेवणसिद्धने काही न लपवता सगळे सांगितले.

आप्पांनी भिंग काढले. “म्हणजे माझ्या पोरीची ओढ तू पाकिटात भरून विकलीस.”

“हो, आप्पा.”

“जा आता. आणि दार हळू लाव.”

घरी येऊन रेवणसिद्धने सगळ्या यादीला ईमेल पाठवला. विषयाची ओळ होती, ‘निरोप आला नव्हता, मी खोटे लिहिले’. आत त्याने माफी मागितली आणि ज्याला पाकीट परत करायचे असेल त्याने करावे, असे लिहिले. काही पाकिटे परत आली. सुलक्षणाच्या नावापुढे हिरवी खूण उमटली, पण उत्तर आले नाही.

“मामा, धंदा बुडवला तुम्ही,” जावई म्हणाला.

“बुडाला तर बुडू दे, जावईबापू. ओळ यापुढे माझी मी लिहीन.”

काही दिवसांनी आप्पा पायरी चढून आले. बायको गेल्यापासून ते कांडपाकडे फिरकले नव्हते.

“ती खरंच म्हणाली, आप्पांनी का, म्हणून?”

“म्हणाली.”

“आणि थांबते म्हणाली?”

“हो.”

आप्पा मिरच्यांच्या पोत्यावर बसले. “मग लिही. दार अजून उंबऱ्याला घासतं. आत येताना जरा उचलून ढकलायचं.”

“एवढंच?”

“एवढंच. आणि खाली दर घालू नकोस.”

“फोनच करा ना, आप्पा.”

“फोनवर मी भांडेन.”

रेवणसिद्धने शब्द न शब्द तसाच लिहिला. विषयाच्या ओळीत घातले, ‘आप्पांचा निरोप, त्यांच्याच शब्दांत’. मग दोघे संगणकापुढे बसले. खूण उमटली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आप्पा रोज संध्याकाळी येत, “उघडलं का?” विचारत, आणि रेवणसिद्ध मान हलवी. आप्पा त्याला पुन्हा कधी रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरे, असे त्याला वाटे. एकदा खोटा निरोप उघडून बघितलेली पोर खऱ्याला कशी हात लावणार? तिचे दार त्यानेच बंद केले होते.

हंगाम बदलला. त्या वर्षी धणे हलके निघाले. रेवणसिद्धने यादीला ईमेल पाठवला तेव्हा विषयाच्या ओळीत जे खरे होते तेच लिहिले, ‘यंदा धणे हलके आहेत, मसाला फिका उतरला आहे’.

असले वाचून कोण विकत घेणार, असे महादेवीलाही वाटले. पण स्वतःच्या मालाची उणीव कुणी खोटी सांगत नाही. एकेक खूण उमटू लागली. काहींनी लिहिले, फिका तर फिका, पाठवा. आणि तिसऱ्या प्रहरी सुलक्षणाच्या नावापुढे खूण आली. रेवणसिद्ध खुर्चीच्या कडेला येऊन बसला. थोड्या वेळाने जुन्या ईमेलपुढे, आप्पांच्या निरोपापुढे, दुसरी खूण आली.

तो अनवाणीच गल्लीतून धावला. आप्पांना हाताला धरून आणेपर्यंत उत्तर येऊन पडले होते. आप्पांनी खिशातून भिंग काढले आणि संगणकाच्या काचेला जवळजवळ नाक लावून वाचले.

“आप्पा, दार दुरुस्त करू नका. मी येते आहे.”

आप्पांनी भिंग पुसले, पुन्हा लावले, पुन्हा वाचले.

“उद्या सुतार येणार होता,” ते म्हणाले. “त्याला नको म्हणून सांगून येतो.” आणि पायरी उतरता उतरता मागे वळून म्हणाले, “रेवण, आमच्या घरचा मसाला कांडायला घे. प्रमाण आठवतंय ना?”

तात्पर्य: पत्राच्या माथ्यावर लिहाल ते पत्राच्या पोटात असू द्या. दुसऱ्याच्या ओढीला खोटी हाक घालणाऱ्याची खरी हाकही वाटेतच अडकते, आणि ती पुढे सरकते ती त्याने आपली उणीव आधी कबूल केल्यावरच.