मोकळा रस्ता

चक्रीवादळाने खारवाडीच्या एकुलत्या एका रस्त्यावर माडच माड आडवे पाडले. सरपंच पारकरांनी कुणाची वाट न बघता भाड्याने करवती आणल्या, गाव गोळा केलं आणि रस्ता मोकळा केला. त्यानंतर पडझड उचलण्यासाठी सरकारी अनुदान जाहीर झालं. पाहणीला धारपसाहेब गाडीतून आले.

"रस्ता तर चकाचक आहे! पडझडच नाही, तर अनुदान कशाचं?" साहेब हसले.

आपल्याच घाईने गावाचं नुकसान झालं, या विचाराने सरपंचांनी मान खाली घातली. तेव्हा इंदूकाकी तांडेल पुढे झाल्या.

"साहेबांचं खरं आहे. कडेला ओढलेले माड परत रस्त्यावर टाका रे. साहेबांना बघू दे."

"अहो, मग माझी गाडी बाहेर कशी जाणार?"

"गाडी राहू दे इथेच. माझ्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला झोळीत घालून याच माडांवरून नेली. तुम्हालाही तसंच नेऊ."

कुणीच हसलं नाही. साहेबांनी कडेचे माड पाहिले आणि पंचनाम्यावर सही केली.

निघताना त्यांनी हळूच विचारलं, "सूनबाई बरी आहे ना?"

"ती बरी आहे," काकी म्हणाल्या. "बाळ नाही वाचलं."

साहेब गाडीत बसले नाहीत. वेशीपर्यंत ते चालतच गेले.