बुवांचा घास

"मेलेला हात किती दिवस सांभाळायचा, बुवा?"

नागनाथने विचारलं आणि आपला उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर ठेवला. ओझं उतरवून ठेवावं तसा.

शंभुगीर बुवा जेवायला बसले होते. समोर वरणभात, निवत चाललेला.

"मेला, असं कोण म्हणालं?"

"मीच म्हणतो."

मठातली पंगत वाढावी ती नागनाथनेच, असं पंचक्रोशीत म्हणत. पळत वाढायचा, पण पानाबाहेर थेंब पडू द्यायचा नाही. त्याचा त्याला ताठाही होता. दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली. हात मात्र रुसला तो रुसलाच.

"दवाखान्यातली व्यायामाची ताई काय म्हणते?"

"म्हणते, डावा बांधून ठेवा आणि उजव्यानेच सगळं करा. सांडलं तरी करा." नागनाथ कडवट हसला. "सांडलं तरी! मी, बुवा... मी सांडायचं?"

म्हणून त्याने व्यायाम सोडला होता. डाव्या हाताने जेवायचं, तर अन्नाचा अपमान. मग गुरुबंधू भरवायचे आणि हा भिंतीकडे तोंड करून गिळायचा.

"मला घरी जाऊ द्या. इथे आता माझा काय उपयोग?"

बुवांनी नागनाथचा डावा हात ओढून घेतला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. जत्रेत लेकराचा धरावा तसा, घट्ट.

"माझे दोन्ही हात गुंतले बघ," ते म्हणाले. "भरव मला."

"थट्टा नका करू, बुवा."

"सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."

"अहो, माझ्याच तोंडापर्यंत येत नाही हा उजवा. तुमच्यापर्यंत कसा पोचणार?"

बुवांनी तोंड उघडलं. नुसतं बोळकं. पाखराच्या पिल्लासारखं उघडलं ते उघडलंच.

नागनाथ वाट पाहत राहिला. तोंड मिटेना.

शेवटी हात ताटाकडे सरकला. बोटं उकलेनात. ताटाच्या काठाशी रेटून रेटून कसाबसा घास झाला. खांदा वर गेला, कोपर मागेच राहिलं...

बुवा जरासे पुढे झुकले. जरासेच.

भात चटईवर पडला, मांडीवर पडला, पांढऱ्या दाढीत अडकला. आणि थरथरती बोटं बुवांच्या ओठांना लागली.

"सांडलं, बुवा..." नागनाथच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "सगळं सांडलं हो. पोटात चार शितं तरी गेली का?"

बुवा सावकाश चघळत होते. दाढी पुसावी, असंही त्यांच्या मनात आलं नाही. धरलेला हात त्यांनी सोडला नव्हता.

"चार शितांनी भूक नुसती खवळली, बाळा. आता थांबलास, तर म्हाताऱ्याला भरल्या पानावरून उठवल्याचं पाप लागेल तुला."