रखमाजीचं टिकाऊ मशीन

एका गावात रखमाजी नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. अंगानं दांडगा, मनानं गरीब, आणि कुणी काही सांगितलं की शब्द न् शब्द पाळणारा. बायकोनं दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं तर तो लक्ष ठेवायचा. दूध उतू गेलं तरी नजर हलवायचा नाही, आणि ती आली की किती उतू गेलं ते नीट सांगायचा.

त्याच्या घरात पसारा फार. बायको द्वारका शेवया करून विकायची, म्हणून घरभर पीठ. धाकटी बहीण सुवर्णा शाळेचे गणवेश शिवायची, म्हणून घरभर चिंध्या आणि दोरे. चंपाआत्या ओसरीत बसून दिवसभर शेंगा फोडायची, म्हणून टरफलं. शिवाय दोन शेळ्या होत्या. त्यांना घर कुठलं आणि गोठा कुठला, हे कुणी शिकवलं नव्हतं. आठवड्याला एक केरसुणी झिजायची.

अशात निरोप आला, की रविवारी सुवर्णाला बघायला पाहुणे येणार. आधीची दोन स्थळं नुसतं घर बघून परत गेली होती. एकीच्या पैठणीला पीठ लागलं आणि एकाच्या टोपीत लेंड्या निघाल्या. तेव्हापासून सुवर्णा शिवायला बसली की मान वर करायची नाही.

या खेपेला घर आरशासारखं ठेवायचं, असं द्वारकेनं ठरवलं. गुरुवारी तिनं रखमाजीला तालुक्याच्या गावी धाडलं, धूळ ओढायचं मशीन आणायला.

"टिकाऊ बघा," ती म्हणाली. "कुणी गोड बोललं म्हणून घेऊ नका. चांगलं आपटून-धोपटून बघा, मगच घ्या."

दुकानदारानं एक छानसं लाल मशीन काढून समोर ठेवलं. रखमाजीनं ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि आपटलं. त्याचे दोन तुकडे झाले.

"हे नको," रखमाजी म्हणाला. "दुसरं दाखवा."

दुकानदाराला वाटलं, बिचाऱ्याच्या हातून निसटलं. त्यानं निळं मशीन दाखवलं. त्याचे चार तुकडे झाले. तिसरं मशीन दुकानदार काही केल्या हातात देईना. तेव्हा रखमाजीनं इकडंतिकडं बघितलं. कोपऱ्यात लोखंडी पोटाचं एक जुनं मशीन पडलं होतं. त्यानं दुकानदार स्वतःचं दुकान झाडायचा. रखमाजीनं ते उचलून आपटलं. फरशी फुटली. मशीनला साधा पोचासुद्धा आला नाही.

"हेच द्या," रखमाजी म्हणाला.

दुकानदारानं त्याचं पाकीट रिकामं करून घेतलं आणि मशीन त्याच्या डोक्यावर ठेवलं. आतली पिशवी भरली की ती उकिरड्यावर रिकामी करायची, एवढं त्यानं समजावून सांगितलं. आणि पुन्हा या रस्त्याला फिरकायचं नाही, असंही सांगितलं. रखमाजीनं दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या. स्टँडला जाणारा रस्ता तोच होता, म्हणून तो उसातून गेला.

मशीन मात्र खरंच गुणाचं निघालं. पीठ, दोरे, टरफलं, सगळं एका दमात ओढायचं. द्वारका खूश झाली आणि शेवयांकडे वळली. रखमाजी पिशवी कधी भरते याची वाट बघत बसला. तेवढ्यात त्याला ओसरीत एक पिशवी दिसली. काठोकाठ भरलेली.

त्यानं ती उचलली आणि उकिरड्यावर रिकामी केली.

ते आत्यानं पाहुण्यांच्या लाडवांसाठी सोललेले शेंगदाणे होते. आत्या पोचेपर्यंत गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या जेवून उठल्या होत्या.

"अरे, टाकायच्या आधी चाळून तर बघावं," आत्या कपाळाला हात लावून म्हणाली. "कामाचं असेल ते काढून ठेवावं."

रखमाजीला ते पटलं. शनिवारी सकाळी मशीनची पिशवी भरली, तशी ती घेऊन तो माजघरात बसला. पिठाची चाळणी घेतली आणि पिशवीतला सगळा केर मूठमूठ करून चाळला. मन लावून चाळला. त्यातून अकरा बटणं निघाली, एक सुई निघाली आणि सात शेंगदाणे निघाले. ते त्यानं वाटीत काढून ठेवले. बाकीचं उडून घरभर बसलं. भिंतींवर, हंड्यांवर, आणि सुवर्णानं इस्त्री करून ठेवलेल्या चाळीस पांढऱ्या सदऱ्यांवर.

सुवर्णानं सदरे बघितले. मग ओढणीत तोंड घालून ती पहिल्यांदाच रडली. "उद्याचे पाहुणेही जातील," एवढंच म्हणाली.

रखमाजीला फार वाईट वाटलं. त्यानं वाटीतले सात शेंगदाणे तिच्यापुढं ठेवले.

द्वारकेनं पदर खोचून संध्याकाळपर्यंत घर पुन्हा लख्ख केलं. आणि मग नवऱ्याला समोर बसवलं.

"आता नीट ऐका. आवाज घोगरा झाला, की समजायचं आत काहीतरी अडकलंय. उचलायचं, अंगणात न्यायचं, उलटं धरायचं आणि पाठीवर थापा द्यायच्या. आतलं सगळं पडेपर्यंत सोडायचं नाही. पण घरात नाही. अंगणात."

रखमाजीनं ते तीनदा म्हणून दाखवलं. एकदाही चुकला नाही.

रविवारी पाहुणे आले. मुलगा दिगंबर, त्याची आई आणि त्याचे मामा जयसिंगराव. दिगंबर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. देखणा होता, पण चेहरा उतरलेला. वडील गेल्यापासून तो असाच गप्प असतो, असं त्याची आई द्वारकेच्या कानात म्हणाली. घर मात्र असं चकचकीत होतं, की पाहुण्यांनी चपला दोनदा झटकल्या.

मामांनी तीस वर्षं बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारले होते. ते खाटेवर टेकले, पोह्यांचा एक घास घेतला आणि म्हणाले, "मुलीचं शिक्षण किती झालं?"

आवाज घोगरा होता.

रखमाजीनं चहाचा कप खाली ठेवला. मामांजवळ गेला. त्यांना उचललं, अंगणात नेलं, उलटं धरलं आणि पाठीवर थापा द्यायला लागला. आधी चष्मा पडला. मग तंबाखूची डबी पडली. मग कंगवा. शेवटी वरची कवळी पडली.

"निघालं," रखमाजी म्हणाला. त्यानं मामांना उभं केलं आणि काहीतरी बोलून बघायला सांगितलं.

मामा पुष्कळ बोलले. पण आवाज घोगराच होता, आणि आता शब्दही कळत नव्हते. म्हणून रखमाजीनं त्यांना पुन्हा उलटं केलं.

तेवढ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. तो दिगंबर होता. त्यानं तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते. दारात सुवर्णा, आत्यानं पुन्हा शेंगा फोडून केलेल्या लाडवांचं ताट घेऊन उभी होती. तिनं ओठ दाबून बघितले, श्वास रोखून बघितला, आणि मग तीही हसली. हसता हसता दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि मग हसू थांबलं तरी बघतच राहिले.

मामांनी ते उलटं लोंबकळतच बघितलं.

"मला शुलटं करा," ते म्हणाले. "पोरगी पशंत आहे."

कवळी धुऊन बसवल्यावर त्यांनी नीट सांगितलं, की पोरगा दोन वर्षांनी हसला, आता आणखी काय बघायचं. आजच कुंकू लावून घेऊ. दिगंबरच्या आईनं डोळे पुसले. द्वारकेची एकच धांदल उडाली. तिनं पाट मांडले, रांगोळी काढली, अक्षतांचं ताट आणि कुंकवानं भरलेली वाटी आणून ठेवली. घाईत थोडे तांदूळ सांडले. दोघं पाटांवर बसली. पाटाजवळ आहे तेवढं ओढून घ्या, असं नवऱ्याला हळूच सांगून ती नारळ आणायला आत गेली.

रखमाजीनं मशीन लावलं. सांडलेले तांदूळ गेले. पाटाजवळ ताट होतं, तेही रिकामं झालं. कुंकवाची वाटीही रिकामी झाली.

द्वारका नारळ घेऊन आली आणि तिनं वाटी बघितली. पाहुण्यांसमोर तिला ओरडता येईना. दातांवर दात ठेवून ती म्हणाली, "त्यांचं कुंकू होतं ते. जसं घेतलंत तसं त्यांचं त्यांना देऊन टाका."

रखमाजीनं मशीन निरखून बघितलं. ते पुढच्या तोंडानं ओढत होतं आणि मागच्या तोंडानं फुंकत होतं. त्यानं नळी काढून मागच्या तोंडाला लावली. पिशवीतलं सगळं नळीत ओतलं. नळी पाहुण्यांकडे धरली आणि बटण दाबलं.

बराच वेळ कुणाला काही दिसलं नाही. मग हळूहळू माणसं दिसू लागली. दिगंबर लाल, सुवर्णा लाल, दिगंबरची आई लाल, आत्या लाल. द्वारका हातात लाल नारळ घेऊन उभी होती. मामांनी चष्मा पुसला. एकदा नवऱ्यामुलाकडे बघितलं, एकदा नवरीकडे बघितलं. दोघं पुन्हा हसत होती.

"चला," मामा म्हणाले. "कुंकू तर लागलं. आता तेवढी हळद राहिली."

रखमाजीनं मान डोलावली. तो स्वयंपाकघरात गेला, वर्षभराच्या हळदीचा डबा खांद्यावर घेऊन आला आणि सगळाच्या सगळा नळीत ओतला.