फुटाण्याची वाळू

फार पूर्वीची गोष्ट आहे, पण मोठी माणसं लेकरांना थापा तेव्हाही मारायचीच. त्या काळी एका गावात एक चुरमुरेवाला राहत होता. घरामागे त्याची भट्टी होती. मिठाच्या पाण्यात खारवलेले तांदूळ अंगणात वाळवायचे, मग कढईतल्या तापलेल्या वाळूत टाकून त्यांचे चुरमुरे फुलवायचे, असा त्याचा धंदा.

हा माणूस पंचक्रोशीत एका गोष्टीसाठी नावाजलेला होता. त्याचं माप चोख असे. मापटं तो नेहमी शीग लावून, काठाच्या वर ढीग येईल असं भरायचा आणि वर आणखी एक मूठ टाकायचा. तो माप भरत असताना कुणी त्याच्या हाताकडे बघतसुद्धा नसे. लोक नुसती पिशवी पुढे करत आणि शेजारच्याशी गप्पा मारत.

त्याला एक मुलगी होती. वाळत घातलेल्या तांदळापाशी काठी घेऊन बसायचं आणि कोंबड्या-शेळ्या हाकलायच्या, हे तिचं काम. एकदा गावातल्या तेल्याची कुत्री व्याली. घाण्याच्या छपराखाली गोण्यांवर पिल्लं लोळू लागली. त्यातलं एक तपकिरी पिल्लू मुलीच्या मांडीवर येऊन जे झोपलं, ते उठेचना. मुलीने त्याचं नाव फुटाणा ठेवलं आणि घरी येऊन बाबांच्या मागे लागली.

"बाबा, आपण आणू या ना त्याला."

"तांदळात तोंड घालील. गिऱ्हाइकांना कळलं तर कोण घेईल आपले चुरमुरे?"

"मी शिकवीन त्याला. मोठा झाला की शेळ्या हाकलील. मग मला दिवसभर उन्हात बसायला नको, मी आईला भट्टीवर मदत करीन."

"खायला काय घालशील?"

"माझ्यातली अर्धी भाकरी."

पोरीकडे सगळ्याची उत्तरं तयार होती. बापाकडे मात्र एकच उत्तर होतं, ते म्हणजे 'नाही'. ते त्याने सरळ सांगून टाकलं असतं, तर पोरगी रडली असती, फुरंगटली असती, एखाद्या वेळी जेवलीही नसती. एवढं झालं असतं आणि गोष्ट संपली असती. पण तिचं रडणं कोण ऐकून घेणार? म्हणून तो म्हणाला, "कुत्रं पाळायचं तर पहाटे उठावं लागतं. आधी पहाटे उठून अंगण झाडून दाखव. मग बघू."

दुसऱ्या दिवसापासून मुलगी पहाटे उठून अंगण झाडू लागली. बाप खूश झाला. अंगण कधी नव्हे इतकं लख्ख दिसत होतं.

थोड्या दिवसांनी तिने विचारलं, "आता आणू?"

"अगं, नुसतं झाडून काय होतं? आईला पाणी कोण भरून देणार?"

मुलगी पाणी भरू लागली.

एकदा भट्टीपुढे बसलेली आई नवऱ्याला म्हणाली, "अहो, देणार नसाल तर आत्ताच सांगा ना तिला. किती आशेवर आहे ती."

"कामं होतायत की नाही?" बाप हसून म्हणाला. "होऊ देत. पोरांचं काय, आज हट्ट करतात, उद्या विसरतात." एवढं बोलून तो तेल्याकडे गेला आणि त्याला सांगून आला, "आमच्यासाठी पिल्लू ठेवू नका. दुसरं कुणी मागितलं तर खुशाल देऊन टाका."

घरी येऊन त्याने मुलीला जवळ बोलावलं. जत्रा तोंडावर आली होती आणि भट्टीला नवी वाळू हवी होती. ओढ्यातली वाळू आणायची, तिच्यातले खडे चाळून काढायचे, ती धुवायची, पुन्हा वाळवायची, हे कंबरडं मोडणारं काम. तो म्हणाला, "बाळ, एवढं पोतं वाळूने भरून दे. मग फुटाणा तुझा. अगदी नक्की."

बाजारात मूठभर चुरमुरे जास्त देणारा हा माणूस! पोटच्या पोरीला मात्र त्याने रिकामं मापटं दाखवलं आणि भरलंय असं सांगितलं.

मुलीने बिचारीने विश्वास ठेवला. ती उन्हात ओढ्यावर जाई, पाटी भरून आणी आणि चाळणीला धरून बसे. हाताची सालटी निघाली, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. कुणी विचारलं की सांगायची, "फुटाण्यासाठी करतेय." आणि पोतं खरंच भरलं.

भरलं त्याच दिवशी ती धावत तेल्याकडे गेली. निघताना फुटाण्याला बांधायला एक मऊ दोरी तिने आईकडून मागून घेतली होती. छपराखालच्या गोण्या रिकाम्या होत्या.

"फुटाणा कुठंय?"

तेली घाण्यापाशी थांबला. "तो होय? परवा मेंढपाळ आले होते, त्यांना दिला. अगं, तुझ्याच बाबांनी सांगितलं होतं, आम्हाला नको म्हणून."

"कधी सांगितलं?"

"झाले की बरेच दिवस. तू वाळू आणायला लागलीस ना, त्याच्या आधी."

मुलगी रडली नाही. रडायला आलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या अंगाची नुसती आग आग झाली. ती घरी आली, पोत्याचं तोंड सोडलं, पाटी भरून डोक्यावर घेतली आणि ओढ्याच्या वाटेला लागली.

पाणवठ्यावरच्या बायका म्हणाल्या, "अगं, लोक ओढ्यातनं वाळू आणतात. तू नेतेस कुठं?"

"परत करतेय," मुलगी मोठ्याने म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "वाळू आणलीस तर फुटाणा देतो म्हणून बाबांनी सांगितलं. फुटाण्याला दुसऱ्या कुणाला देऊन टाका, असं त्यांनी तेल्याला आधीच सांगितलं होतं, आणि मग माझ्याकडनं वाळू आणून घेतली."

तिने पाटी ओढ्यात उलटी केली आणि दुसरी भरायला परत गेली.

बाप धापा टाकत ओढ्यावर आला तेव्हा पोतं निम्मं झालं होतं. "वेड लागलं का तुला? उद्या जत्रा आहे!"

"ही वाळू फुटाण्याची आहे. फुटाणा नाही, तर वाळू पण नाही."

बापाचा हात वर गेला. मुलगी हलली नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि आजूबाजूची माणसंही बघत होती. हात खाली आला. गावात एक आजोबा असतातच, ते पुढे होऊन म्हणाले, "पोरी, बापाचा असा चारचौघांत अपमान करू नये." बापाने पोरीला फसवू नये, असं मात्र त्या आजोबांना इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मुलीने रिकामी पाटी उचलली आणि पुन्हा घराची वाट धरली. उरलेली वाळूही तिने ओढ्याला दिली.

दुसऱ्या दिवशी जत्रेत चुरमुरेवाल्याने दुकान मांडलं. जुन्याच काळ्या वाळूत घाईघाईने भाजलेले चुरमुरे होते, पण गिऱ्हाईक आलं. दरवर्षी येणारी एक म्हातारी आली. तिने पिशवी पुढे केली. त्याने शीग लावून मापटं भरलं आणि वर बघितलं, तर म्हातारीची नजर त्याच्या हातावर होती.

"आजी, माप चोख आहे."

"असंल रे बाबा. पण घरच्या लेकराला तू कसं मापलंस ते कानावर आलं. म्हणून आपलं बघते."

तिच्या मागचा माणूस त्याच्या हाताकडे बघत होता. त्याच्या मागची बाईही. त्या दिवशी त्याने प्रत्येकाला मूठभर नाही, ओंजळभर जास्त दिलं, तरी एकानेही त्याच्या हातावरची नजर काढली नाही. दुपार व्हायच्या आत त्याने दुकान गुंडाळलं आणि मेंढपाळांना शोधत निघाला.

ते पलीकडच्या माळावर उतरले होते. फुटाणा त्याला लांबूनच दिसला. त्याने हाक मारली, "फुटाण्या!" पिल्लाने कानही हलवला नाही. इतक्यात मेंढपाळाच्या मुलाने "वाघ्या!" म्हटलं आणि ते शेपूट हलवत त्याच्याकडे पळालं.

चुरमुरेवाल्याने मेंढपाळाच्या बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दादा, कुत्रं म्हणजे काय भांडं आहे का, दिलं आणि परत नेलं? माझ्या लेकराचा जीव जडलाय त्याच्यावर. आमची कुत्री व्याली की एक देईन. पण तोवर तुमच्या लेकीला पुन्हा आशेला लावू नका."

तो रिकाम्या हातांनी घरी आला. मुलगी अंगणात तांदळापाशी बसली होती.

"फुटाणा मिळाला नाही," तो म्हणाला. "मिळणारही नाही. मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. तुझं रडणं मला नको होतं आणि तुझं काम मला हवं होतं. मी तुला फसवलं."

अशा वेळी गोष्टीतल्या मुली बापाच्या गळ्यात पडतात. ही पडली नाही. "कळलं," म्हणाली आणि कोंबडी हाकलायला उठली.

मग बाप स्वतः ओढ्यावर जाऊ लागला. त्याच चाळणीने त्याने वाळू चाळली आणि त्याच्याही बोटांना चिरा पडल्या. वाळवणाभोवती त्याने कामट्यांचं कुंपण घातलं. कशासाठी, ते कुणाला सांगितलं नाही. मुलीनेही विचारलं नाही. तिने बाबांकडे काही मागायचंच सोडून दिलं होतं, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागत होतं.

बऱ्याच दिवसांनी मेंढपाळांचा निरोप आला. बाप गेला आणि एक काळं पिल्लू आणून त्याने मुलीपुढे ठेवलं.

मुलीने पिल्लाला हात लावला नाही. आधी बाबांकडे बघितलं. "मी काय करायचं?"

"काही नाही," बाप म्हणाला. "तुझंच आहे."

तेवढ्यात पिल्लू कुंपणाखालून घुसलं आणि त्याने थेट खारवलेल्या तांदळात तोंड घातलं. बापाने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मुलगी खुदकन हसली. हसली ती पिल्लाकडे बघून, बाबांकडे बघून हसायला तिला अजून वेळ होता.

तात्पर्य: लेकराला द्यायचं नसेल, तर तोंडावर नाही म्हणा आणि त्याचं रडणं सोसा. खोट्या आशेवर त्याला राबवून घेणारा माणूस बाजारात कितीही चोख असला, तरी लबाडच.