नाल्याकडे पाठ करून बसलेल्या

“अनपेक्षित... म्हंजी कुणाला?” गेनूआबांनी विचारलं.

मी कागद परत माझ्याकडे ओढला. जणू तो शब्द मी नाही, टायपिस्टनं घातला होता.

“म्हणजे... कुणालाच अपेक्षा नव्हती, आबा.”

“कुणालाच?”

“कुणालाच.”

“आसं...” आबा म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

गेनूआबा म्हणजे आमच्या नगरपरिषदेच्या रस्त्याच्या गँगचे जुने मुकादम. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. तेविसाव्या वर्षी मी नवीकोरी इंजिनिअर म्हणून आले, तेव्हा रस्ता कशाशी खातात ते यांनीच शिकवलं. पहार जमिनीवर आपटायची, डोळे मिटायचे, ऐकायचं. खणखणीत वाजली तर मुरूम. भद्द वाजली तर भराव.

तेव्हा मी डोळे मिटून ऐकायचे. आता दारावर ‘नगर अभियंता’ अशी पाटी आहे. आता डोळे उघडे ठेवून सह्या करते.

आबांच्या ओट्यावर मी बसले होते. सँडल हातात, सलवार गुडघ्यापर्यंत चिंब. खडकवस्तीला यायचं तर ओढ्यातून यावं लागतं, आणि त्या ओढ्यावर मोरी, म्हणजे छोटा पूल, नाही. पावसाळाभर लोक असेच येतात-जातात. मी पहिल्यांदाच आले होते.

आबांची सून कौसल्या टॉवेल घेऊन बाहेर आली.

“ऱ्हाऊ दे,” आबा तिला म्हणाले. “म्याडमना तसंच बसू दे जरा.”

मला रागच आला. पाहुण्याला कुणी ओल्या पायानं बसवतं?

“बरं, म्याडम,” आबा म्हणाले. “काय काम काढलं?”

काम साधं होतं. निदान कागदावर तरी.

बाजाररस्त्यावरची नळ्यांची जुनी मोरी काढून तिथे काँक्रीटची मोठी बांधायची होती. अंदाजपत्रक माझं. बेचाळीस लाख. पश्चिमेकडची भिंत सुरळीत उभी राहिली. पूर्वेकडे खोदायला लागलो आणि जमीन खचली. खाली बुजवलेली विहीर निघाली, अख्खी. आमची भिंत नेमकी तिच्या डोक्यावर येत होती.

जेसीबीच्या पहिल्या बकेटमध्ये दोराच्या खाचा पडलेला एक दगड आला. मला तो फार आवडला. ऑफिसच्या बागेत ठेवला मी तो, मनीप्लांटच्या कुंडीशेजारी.

मग दीड महिना पंप चालू. पाणी उपसा, दगड टाका, काँक्रीट ओता. पुन्हा पाणी. बेचाळीसचे एकोणऐंशी झाले.

येत्या मंगळवारी सर्वसाधारण सभा होती. वाढीव खर्चाला कारण द्यायचं होतं. मी लिहिलं, ‘अनपेक्षित भूस्तर’. मुख्याधिकारी साहेब म्हणाले, “शब्द छान आहे. पण त्याला आधार पाहिजे. एखाद्या जुन्या माणसाचा जबाब जोडा की विहीर कुणालाच माहीत नव्हती. नाहीतर चौकशी लागेल तुमची.”

जुना माणूस मला एकच माहीत होता.

“वाचा,” आबा म्हणाले.

मी जबाबाचा कागद काढून वाचला. “सदर ठिकाणी जुनी विहीर असल्याबाबत मला अथवा अन्य कोणासही माहिती नव्हती.”

“झ्याक लिवलंय,” आबा म्हणाले. “सही कुठं करू?”

मी बोट ठेवलं. आबांनी सावकाश सही केली. गेनू राणू खिलारे. ‘खिलारे’च्या रेला थोडा वेळ लागला.

“झालं?”

“झालं.”

मला वाटलं होतं आबा नाही म्हणतील, चिडतील. मी ओढ्यापासून ओट्यापर्यंत उत्तरं जुळवत आले होते. चिडलेल्या माणसाला काहीतरी उत्तर देता येतं...

कागद पिशवीत घातला. आता उठायला हरकत नव्हती. मी उठले नाही.

“च्या घ्या,” आबा म्हणाले.

“नको आबा, राहू द्या.”

“घ्या की. म्या तुमच्याकडं दोनदा प्यालोय.”

“कधी?” मी विचारलं. कधी ते मला चांगलं माहीत होतं.

“एप्रिलात. पेपरात वाचलं, मोरीचं काम निघालंय. म्हनलं, जाऊन सांगून यावं.”

एप्रिलात आबा दोन वेळा येऊन माझ्या केबिनबाहेरच्या बाकावर बसले होते. मी त्यांना काचेतून बघितलं होतं. म्हटलं, पेन्शनचं काहीतरी असेल, नाहीतर कुणाला तरी नोकरीला चिकटवायचं असेल. मग मी शिपायाबरोबर चहा पाठवला. आणि स्वतःवर खूश झाले की बघा, जुन्या माणसांना मी विसरत नाही.

“आत का नाही आलात, आबा?”

“शिपाई म्हनला, मीटिंग हाय.”

“मीटिंगच होती.”

“व्हय की. काचंतनं दिसत व्हता क्याक.”

अकाउंटंटचा वाढदिवस होता त्या दिवशी.

“च्या चांगला व्हता,” आबा म्हणाले. “दुसऱ्या बारीला साखर जरा जादा पडली व्हती.”

मी ओढणीचं टोक पिळलं. ते कोरडंच होतं...

“आन त्या बायांचं काय केलंत?” आबांनी विचारलं.

“कुठल्या बाया?”

“साती जनी. लिंबाखालच्या.”

माझ्या जिवात जीव आला. हा विषय माझा होता.

मोरीच्या पूर्वेला लिंबाखाली साती आसरा होत्या. पाण्याच्या देवी. शेंदूर फासलेले सात दगड, ओळीनं मांडलेले. ते कामाच्या मधे येत होते. दुसरा कुणी असता तर सरळ जेसीबी घातला असता. मी नाही घातला.

“रीतसर केलं, आबा,” मी म्हणाले. “आधी नारळ फोडला. सातही जणींच्या ओट्या भरल्या, हिरव्या खणानं. चौकात नवा ओटा बांधला, वर फरशी. मग वाजतगाजत हलवलं. पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, संवेदनशील अधिकारी.”

“ब्येस,” आबा म्हणाले. “आता त्वांड कुनीकडं हाय त्यांचं?”

“रस्त्याकडे. म्हणजे... फोटो तसा चांगला येत होता.”

“आन आधी?”

मी आठवलं. हसू आलं मला.

“आधी तर नाल्याकडे पाठ होती. शेंदूर सगळा रस्त्याच्या बाजूला. आम्ही म्हटलंसुद्धा, पाण्याच्या देवी आणि पाण्याकडे पाठ? नाल्याच्या वासानं रुसल्यात वाटतं!”

आबा हसले नाहीत.

तळहातावरची तंबाखू त्यांनी तशीच ठेवली. मळणं थांबलं होतं.

“म्याडम, आसरा कशाकडं बघत बसत्यात?”

“पाण्याकडे.”

“मग नाल्याकडं पाठ करून... काय बघत व्हत्या?”

...

लिंबाच्या खोडापासून रस्त्याची कड किती, हे मला तोंडपाठ होतं. नकाशा मीच काढला होता. सात दगडांच्या समोर, पाच पावलांवर, आमची पूर्वेची भिंत.

“कुणी बसवल्या होत्या त्या?” मी विचारलं. आवाज माझाच होता, पण दारावर पाटी नसतानाचा.

“म्या.”

कौसल्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. ती पण ऐकत होती.

“भात्तर सालच्या दुस्काळात रस्ता रुंद केला,” आबा म्हणाले. “हीर मधी आली. कोरडी ठाक. सायेब म्हनलं, बुजवा. बुजवली. म्या तवा एकोनीस वर्साचा. माजी आय त्या हिरीवर पानी भरायची. ती म्हनली, गेन्या, हीर झाकलीस, पन पानी माघारी येनार. खूण ठेव. कागदावर लिवाय मला तवा येत नव्हतं. मग सात दगड मांडलं. हिरीकडं त्वांड करून.”

माझ्या पिशवीत त्यांची सही होती. आपल्याला काही माहीत नव्हतं, अशी.

“आबा... मग सही कशाला केलीत?”

“तू मागितलीस.”

आल्यापासून म्याडम, म्याडम चाललं होतं, ते मला खुपत होतं. आता ‘तू’ आलं, ते त्याहून खुपलं.

मी खाली बघितलं. माझ्या पायांखाली ओट्यावर ओलं डबकं झालं होतं, छोटंसं, दोन पायांचं.

मग मी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

“आबा, जमीन बघायला दोन्हीकडे खड्डे घ्यायचे असतात. पश्चिमेला घेतला. पूर्वेला रसवंती होती. रसवंतीवाला भांडायला लागला, ऐन उन्हाळ्यात गिऱ्हाइकाच्या वेळेला माझ्या दारात खड्डा नको म्हणाला. ऊनही मी म्हणत होतं. मग मी... पश्चिमेचा खड्डाच पूर्वेलाही लिहिला.”

“आन रसवंतीवाला?”

“त्यानं रस पाजला.”

“किती?”

“दोन ग्लास. आलं-लिंबू घालून.”

आबांनी मान हलवली. “ठावं हाय.”

“रसाचं?”

“खड्ड्याचं. घेतला असता तर दुसऱ्या टिकावाला हिरीचा दगूड लागला असता. ती वरच व्हती, पोरी. रुसून बसली नव्हती.”

...

ओढ्याकडून बायका येत होत्या. साड्या खोचलेल्या, चपला हातात. शाळा सुटली असावी. दोन-तीन मुली दप्तरं डोक्यावर धरून पाण्यात उतरत होत्या. सर्वांत पुढची थबकली. तिनं आधी एक पाऊल टाकून पाहिलं, मग दुसरं. माझ्या अंदाजपत्रकात एवढी काळजी नव्हती.

“म्याडम,” कौसल्या म्हणाली, “आमची मोरी यंदाच्या दिवाळीनंतर व्हनार न्हवं? मंजूर झालीय म्हनत व्हते.”

‘हो’ म्हणणं सोपं होतं. मला सवय आहे. ‘प्रक्रियेत आहे’ हे तर मी झोपेतसुद्धा म्हणू शकते.

वाढलेले पैसे कुठून तरी काढावे लागतात. कुठून काढायचे त्याचा कागद मागच्या आठवड्यात टेबलावर आला होता. त्यात पहिल्याच ओळीत खडकवस्तीची मोरी होती. मी सही केली होती. तेव्हा ती एक ओळ होती. तिला पाणी नव्हतं.

“नाही होणार,” मी म्हणाले.

“का ओ?”

“ती... त्या विहिरीत गेली.”

कौसल्यानं आबांकडे बघितलं. आबा ओढ्याकडे बघत होते. पुढची मुलगी अलीकडे पोचली होती. ती मागच्यांना हात करत होती, कुठून यायचं ते दाखवत.

कौसल्यानं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ती आत गेली आणि तोच टॉवेल घेऊन परत आली.

“पुसा पाय,” ती म्हणाली. “गारठा लागंल.”

मी हात पुढे केला. आणि मागे घेतला.

मग पिशवीतून जबाबाचा कागद काढला. दोनदा फाडला. ‘खिलारे’चा रे एका तुकड्यावर आला. ज्याला एवढा वेळ लागला होता तो.

“सायेब काय म्हनंल?” आबांनी विचारलं.

“चौकशी लावतील.”

“लावू दे. चौकशीला खड्डा तरी घेतील.”

मी दुसरा कागद काढला, सुधारित अंदाजपत्रकाचा. वाढीव खर्चाचं कारण. ‘अनपेक्षित’वर आडवी रेघ मारली. रेघ मात्र सरळ आली. इंजिनिअर आहे शेवटी.

पुढे पेन चालेना.

“आबा, काय लिहायचं ते कळलंय मला,” मी म्हणाले. “पण असं घाईत नको. ऑफिसात बसून, नीट शब्द शोधून लिहिते. मंगळवारला अजून तीन दिवस आहेत.”

आबांनी कौसल्याच्या हातातला टॉवेल घेतला. त्याची नीट घडी केली. आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवून त्यावर बसले.

“आत्ता लिव्ह,” ते म्हणाले. “पाय वाळायच्या आत.”